दार जरा उचलून

जालन्याहून जाफराबादला निघालेली बस उन्हात पेंगत चालली होती. माझ्या पुढच्या सीटवर दोन शेजारणी बोलत होत्या.

"शमीमआपा, ते खोक्यातून आलेलं कपाट आठवतं का? आमच्या ह्यांनी कागदावरची चित्रं पाहून जोडल्तं."

"आठवतं ना, मथुराबाई. दुकानदार म्हणला होता, चार-पाच वर्षं टिकंल."

"बारावं चालू हे. भुश्शाच्या फळ्या त्या, कूलरच्या पाण्यानं खालून फुगल्या. दार लोंबतं. जरा वर उचललं तरच उघडतं."

"मंग बदला की."

"आमचा विलास लोखंडी घेणार होता. परवा पुण्याहून त्यासाठीच आल्ता."

"घेतलं का?"

"ह्यांना आता काही आठवत न्हाई, आपा. पोराला म्हणले, पाव्हणे कुठले? मला तर रोज नाव विचारतात."

"या अल्ला."

"मंग उठले, सपनात चालल्यासारखे कपाटापाशी गेले. बराबर दार उचललं, उघडलं, आपला सदरा काढून त्याच्या हातात दिला. म्हणले, पाव्हणे, घामेजलात, कपडे बदला."

"मंग विलासनं काय केलं?"

"सदरा घातला. बाजारातून सागाची पट्टी आणली अन् कपाटाला खालून टेकू दिला."

"अन् दार?"

"तेही नीट करून राह्यला होता. मीच म्हणलं, दाराला हात लावू नको."

"बरं केलं."

"सदरा ढगळ होता त्याला. तसाच घालून गेला पुण्याला."