पेशी झोपल्यात की मेल्यात?

आदरणीय अध्यक्ष महोदय, वेळात वेळ काढून आणि वेळ टळून गेल्यावर आलेले प्रमुख पाहुणे, आमच्या बाईंचे यजमान म्हणजे काका, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, आभार मानायचं काम माझ्याकडे आलं आहे. माझं झालं की कार्यक्रम संपला, तेव्हा मी ते चटकन उरकावं अशी सगळ्यांची इच्छा दिसते. माफ करा, आज ते जमणार नाही.

आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्तींची, आमच्या बाईंची, खुर्ची रिकामी आहे, हे एव्हाना लक्षात आलंच असेल. बाई हात धुवायला गेल्यात, असं मी मघाशी म्हटलं. साफ थाप होती. त्या प्रयोगशाळेत गेल्यात.

चिडू नका, ऐका. पाहुण्यांनी बाईंना स्नायूंच्या मूळपेशींची उपमा दिली, सतत राबणाऱ्या म्हणून. कशाचं काय! या पेशी एक नंबरच्या आळशी. स्नायूला इजा झाली की उठतात, एकीच्या दोन, दोघींच्या चार होतात, दुरुस्ती करतात, आणि त्यातल्या काही गुपचूप पुन्हा झोपतात, पुढच्या इजेसाठी. त्यांना थांबवतं कोण? ब्रेक लावणारी प्रथिनं असतात, हे ठाऊक आहे. पण सुटलेला ब्रेक पुन्हा लागतो कसा? बाईंनी सगळी नोकरी या एका प्रश्नात घालवली. आमच्या प्रयोगशाळेतल्या थाळीत एकदा उठलेली पेशी झोपायचं नावच घेत नाही. वाढत जाते, शेजारणींना चिकटून तंतू होते, आणि मग तिचं विभाजन कायमचं बंद.

या खेपेला बाईंनी त्यांना झोपवलं. निदान त्या तसं म्हणतात. मी म्हणाले, ‘‘बाई, त्या मेल्यात.’’ त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. परीक्षा एकच: पेशींना वाढीचा खुराक द्यायचा आणि बघायचं. झोपल्या असतील तर उठून विभागतील. परवा दिला, थाळीतल्या एका खळग्यात एकच पेशी ठेवून. कार्यक्रम सकाळी आटपेल, मग दुपारी निवांत बघू, असा आमचा बेत. पण पाहुण्यांची गाडी... असो.

माईकवाले दादा, खुणा करू नका, मला दिसतंय. अध्यक्ष महोदय, कार्यक्रम संपताच बाई तुम्हाला प्रयोगशाळेच्या खोलीची किल्ली देणार आणि पेशींना ऊब देणारा इन्क्युबेटर बंद होणार, हो ना? म्हणून तर मी बोलतेय! काका, तुम्ही तरी घड्याळ बघू नका. लग्नाच्या वाढदिवसालाही बाई जेवणावरून उठून पेशींकडे पळाल्या होत्या, हे तुम्हीच सांगितलंत.

खरं सांगू? पेशी उठल्या नाहीत तर बाईंचं म्हणणं खोटं ठरेल, आणि पुन्हा करून बघायला त्यांना उद्या खोलीच नाही. भांडण मी जिंकेन. मला नाही हो जिंकायचं.

आणखी काय बोलू? हॉलच्या सफाईवाल्यांचे आभार, खुर्च्या लावणाऱ्यांचे आभार, पंख्याचे...

दार वाजलं. बाई, पुढे या ना! अहो, बोला काहीतरी! बोटं दाखवताहेत. दोन? बाई, खरंच दोन?

मंडळी, एकीच्या दोन झाल्या. जिवंत होत्या हो त्या, नुसत्या झोपल्या होत्या.

अध्यक्ष महोदय, पाहुणे, काका, सगळ्यांचे अगदी मनापासून आभार. बोलण्यात थापा होत्या, पाल्हाळ होतं, ते पोटात घाला. मी हरले, बाई.