मंगळवारचा वर्ग

नाही नाही, त्या खुर्चीवर नका टेकू, तिचा पाय निखळलाय — या, असे इकडे शेगडीजवळ या. कोट राहू द्या अंगात, इतक्यात ऊब नाही यायची. कोळसाच मिळत नाही हो हल्ली, आणि मिळाला तर ओला. लढाई संपून दीड वर्ष होत आलं तरी तेच रडगाणं. लढाईत उलट बरं होतं — तेव्हा या हॉलला वेगळा कोळसा यायचा, सरकारी, आरोग्याच्या नावाखाली — असू दे. काय विचारत होतात? वर्ग कधी सुरू होतो? सातला. सातला म्हणजे काय, बायकामाणसांचा वर्ग आहे, मिस्टर ग्रिमशॉ, तुमच्या पलटणीची कवायत नव्हे. भांडी आवरायची, पोरांना निजवायचं, नवऱ्याच्या पुढ्यात ताट ठेवायचं, मग निघायचं. त्यातून हे धुकं. नदीवरून चढलं की समोरची गिरणीसुद्धा दिसत नाही, गिरणी! येतील. येतात त्या.

चहा घ्या. साखर तेवढी मागू नका. तुम्हाला काउंटीच्या कचेरीनं पाठवलं ते बरंच केलं, कुणीतरी डोळ्यांनी बघायलाच हवं. मला टाउन हॉलातून कळलंय सगळं — वर्ग चालू दिसला तर नव्या इमारतीत बायकांचा हॉल राहणार, नाही दिसला तर त्या जागी शाळेच्या पोरांचं जेवणघर, आणि ही जागा परत चॅपलवाल्यांच्या ताब्यात. बरोबर ना? अहो, मान खाली कशाला घालता, तुमचा काय दोष. पोरांनी जेवावं, मी कुठं नाही म्हणतेय! पण बायकांचंही काही असावं की नसावं? असावं. मी हेच म्हटलं होतं. त्या समितीत मी होते ना — नव्हतं माहीत? होते तर! चव्वेचाळीस साली, बॉम्ब पडायचे थांबले नव्हते तेव्हाच, आमचे नगरसभेचे आल्डरमन क्रॉस्टन टेबलावर नकाशे पसरून बसले — लढाईनंतर गावाचं आरोग्य, व्यायाम, करमणूक, सगळं कसं करायचं. पोहायचा तलाव इथं, पोरांचं मैदान तिथं. डॉक्टर होते, शाळेचे हेडमास्तर होते, आणि गिरणीत मागावर काम करणारी मी, मिस हिंडल, धुतलेले हातमोजे घालून. मला वाटलं, आपल्याला काय विचारतात! पण विचारलं हो. म्हणाले, मिस हिंडल, तुमच्या वर्गात गर्दी मावत नाही, बायकांना काय हवंय ते तुम्हीच सांगा. मी उठले आणि म्हटलं — आठवड्यातली एक संध्याकाळ. पुरुष घरी आले तरी ती बायकांकडून काढून घ्यायची नाही. टाळ्या पडल्या. आल्डरमननं स्वतः टेबल वाजवलं. माझं लाकडी फरशीचं स्वप्न त्यांनी नकाशावर काढूनसुद्धा दाखवलं, गरम पाण्याचे नळ, आरसा, सगळं.

आणि गर्दी खोटी नव्हती, बरं का. या इथपासून त्या दारापर्यंत रांगा. दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या पोरी थेट पाळी संपवून यायच्या, स्फोटकांच्या भुकटीनं हात पिवळेजर्द — सगळ्यांनी हात वर केले की हॉल कसा दिसायचा, तुम्हाला कसं सांगू. मिसेस टॅटरसॉल पियानोला. तिच्याकडे चॅपलच्या भजनांशिवाय दुसरं वाजवायला काही नाही, मग भजनंच दुप्पट चालीत! गुडघे वाका, उठा, वाका, उठा, आणि वर देवाचं नाव. पाद्रीबाबा एकदा दारात येऊन उभे राहिले, तोंड उघडं. हसून हसून आमची पुरेवाट. मिसेस टॅटरसॉल आता लेकीकडे असते, ब्लॅकपूलला. पियानो बंदच आहे. मी तोंडानं मोजते, चालतं.

आता येतीलच. विनीचा नवरा बर्माहून आलाय, त्याला अजून ताप येतो, ती जरा उशिरानंच यायची. डोराला बाळ झालं. कार्टरबाईंच्या दोघी — त्यांचं काय झालं बरं — लग्नं झाली त्यांची, हो. लग्न झालं म्हणून काय कंबर वाकायची थांबते?

गेल्या मंगळवारी? गेल्या मंगळवारी पाऊस होता. अहो, तुम्ही गावचे नाही, तुम्हाला इथला पाऊस ठाऊक नाही. त्याच्या आधी? त्याच्या आधी — किती खोदून विचारता हो! तुमची आई आहे? आहे ना. मग तिला विचारा, नवरा लढाईवरून आल्यावर संध्याकाळी बाईला बाहेर पडणं किती जिवावर येतं ते. तो शेगडीपुढं बसलेला असतो, पाच वर्षं त्याची वाट बघितलेली असते, आणि उठून ‘मी व्यायामाला जाते’ म्हणायचं? मीसुद्धा नसतं म्हटलं. मला नवरा असता तर मीसुद्धा नसते आले.

तिथंच चुकलं आमचं. आल्डरमनचं चुकलं, डॉक्टरचं चुकलं, माझं तर सगळ्यात जास्त, कारण मला कळायला हवं होतं. आम्ही सगळे रांगा मोजत बसलो — केवढा हा व्यायामाचा उत्साह, केवढी ही आरोग्याची जागृती! कशाचा उत्साह? घरी कोळसा नव्हता, इथं शेगडी लालबुंद. घरात माणूस नव्हतं, इथं शेजारी कुणीतरी धापा टाकत होतं. एवढंच. गुडघे वाकवा म्हटलं तर वाकवायच्या, कणीक मळा म्हटलं असतं तर मळली असती. त्यांना घरी जायचं नव्हतं, मिस्टर ग्रिमशॉ. आणि कुणी एकानं विचारलं नाही की बायांनो, तुम्ही येता कशाला? मी नाही विचारलं, कारण मला — जाऊ दे. चहा गार होतोय तुमचा.

कारण मी पण त्याचसाठी येत होते, दुसरं काय! पुरे झाला आडपडदा. विमानांच्या भीतीनं सगळे दिवे बंद असायचे ना तेव्हा, रस्त्यात बोट दिसायचं नाही. मग वर्ग सुटला की आम्ही साखळी करायचो — पुढचीच्या खांद्यावर मागचीचा हात, सगळी रांग चढावरून वर. एकेकीचं घर आलं की ती गळायची, ‘निजा गं’ म्हणून. माझं घर सगळ्यात वरचं, म्हणून शेवटची मी, पण दोघीतिघी मुद्दाम माझ्या दारापर्यंत यायच्या आणि मग उलट्या खाली. आई गेली तेव्हाही मी वर्ग बुडवला नाही. दुपारी तिला पोचवलं आणि संध्याकाळी इथं उभी. त्या रात्री एकही बाई आपल्या दाराशी गळली नाही, सगळीच्या सगळी रांग वरपर्यंत आली. मग लढाई संपली, दिवे लागले. नाचलो की आम्ही चौकात! मीही नाचले. आणि पुढच्या मंगळवारी वर्ग सुटल्यावर बघते तर सगळ्या आपापल्या पायांनी चालल्यात, लख्ख उजेडात, कुणाला कुणाच्या खांद्याची गरज नाही. असं म्हणू नये, पाप लागेल, पण लढाई संपली आणि मी एकटी पडले.

हे नका लिहू. हे मी आपलं बोलता बोलता —

थांबा! पाऊल वाजलं ना? कोण आहे दारात? ये गं, आत ये, धुकं घेऊ नकोस आत! बघा, मी म्हटलं नव्हतं? नेली, ये. मिस्टर ग्रिमशॉ, ही नेली ग्रीनहाल्श, आमची पहिल्या रांगेतली, लढाईत विमानं अडवायच्या बलूनचं कापड शिवायची. नेली, हे काउंटीचे साहेब, वर्ग बघायला आलेत. काढ कोट, अडकव तिथं — काय? नाही थांबत? बरं. हे काय आणलंस? बूट. व्यायामाचे. अगं, पांढरे करून आणलेस, नव्यासारखे दिसतायत. दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून? हो, पडतील ना. कुणाच्याही पडतील. तुझा फ्रेड बाहेर उभा आहे? मग पळ, त्याला कशाला ताटकळत ठेवतेस. सिनेमाला? छान. नाही गं, मी मजेत आहे, बाकीच्या आता येतीलच. पळ, सुरुवात चुकेल तुमची.

चांगली पोरगी आहे. परत करायला हवेत असं काही नव्हतं, पण आली बिचारी.

एक लिहा. लिहा ना, मिस्टर ग्रिमशॉ, उपस्थिती एक. आली होती की नाही? तुमच्या डोळ्यांदेखत आली. कोट काढला नाही, पण कोटाचं तुम्हाला वर कोण विचारणार आहे? ... तुम्ही लिहीत नाही आहात. बरोबर आहे. खोटं कशाला लिहायचं, जेवणघर लिहा.

काय? थांबता? नको, नको. उठा आता, ही घ्या तुमची हॅट. चौकात डावीकडे वळलात की बस मिळेल. माझी वर्गाची वेळ झालीय, मला सुरुवात करायचीय, आणि पुरुषमाणसासमोर आमच्या बायका हात वर करत नाहीत. निघा तुम्ही.