तीन नंबरची खोली

(भुकूम. विटांचं काम चालू असलेलं घर, तळमजला. मालक शेखर, त्याची बायको रेश्मा आणि ठेकेदार नरहरी.)

रेश्मा: हितं खिडकी हुती.

नरहरी: हुती वहिनी. नकाशात हुती.

रेश्मा: मग भिंतीत का न्हाई?

नरहरी: ते तुमी दादांना इचारा. मला काल दुपारी त्यांचा फोन आला, सैपाकघराची खिडकी बुजवा म्हणून. सांजच्याला मिस्त्र्यानं विटा चढवल्या.

शेखर: बुजवली म्हणजे काय, वरती झरोका ठेवलाय की दीड फुटाचा. मागच्या बाजूला टेनंट लोकांच्या गाड्या लागणार. खिडकी उघडली की झडप गाडीला आपटणार. सगळा विचार करूनच केलंय.

रेश्मा: कुणाचा इचार?

शेखर: म्हणजे?

रेश्मा: सगळा इचार क्येला म्हणताय, तर कुणाचा क्येला? गाडीचा क्येला. अजून गाडी न्हाई, गाडीवाला न्हाई, वरच्या खोल्यांना फरशीसुदिक न्हाई. चाळीस डबे मी करणार हितं रोज. दोन शेगड्यांवर फोडण्या पडल्या की तो धूर कुटनं जायाचा?

शेखर: झरोक्यातनं.

रेश्मा: त्यातनं मांजर जाईल, धूर जायाचा न्हाई.

नरहरी: वहिनी, माझं ऐका जरा. आपला ठेका फुटावर हाय. त्या रेटमधी खोलीला एक दार, एक साधी खिडकी, साधा ओटा आन् एक नळ, येवढंच येतंय. त्याच्यावर जे मागाल ते एक्स्ट्रा. आज ती एक्स्ट्राचीच यादी घिऊन आलोय. दादा व्हय म्हणले की मी दुकानात सामान सांगणार.

रेश्मा: साधी खिडकी तर रेटमधीच आली की मग.

नरहरी: आली. पर दादा म्हणले, ती वगळ आन् तेवढं वरच्या खोल्यांच्या कामात वळतं कर.

रेश्मा: वाचा यादी.

शेखर: तुला काय करायचीय यादी? डब्यांना उशीर होईल.

रेश्मा: डबे साडेअकराला गेले. वाचा तुमी, नरहरीभाऊ.

नरहरी: वरच्या सहा खोल्या. सरकत्या खिडक्या, मच्छरजाळीसकट. बाथरूममधी गिझर. ओट्यावर चिमणी, खाली ट्रॉल्या. भिंतीतलं कपाट. बाल्कनीला काचेचा कठडा. सहाच्या सहा खोल्यांना.

रेश्मा: आन् खालच्या घराला?

नरहरी: खाली जिन्याच्या पोटात एक लोखंडी दार.

रेश्मा: ते कशाला?

नरहरी: टेनंटच्या सायकली ठिवायला.

शेखर: हे बघ, राग मानू नको. बिझनेस समजून घे. वरच्या एकेका खोलीचं नऊ हजार भाडं येणार. ही आयटीची पोरं आधी फोटो बघतात. गिझर दिसला नाय की पुढच्या घरी जातात. वरती टाकलेला पैसा परत येतो. खाली टाकलेला गेला. खाली आपणच राहणार, आपल्याला कोण फोटो मागतंय?

रेश्मा: ती परवा आलेली पोरगी. किमया का काय नाव तिचं.

शेखर: किमया. मोठ्या कंपनीत आहे.

रेश्मा: आसंल. अर्धा तास हुती. माझ्या हातचा चा पिली, वर जाऊन इकडं तिकडं बघितलं आन् म्हणली, काका, मला डास लई चावतात. तुमी लगीच जाळी धरली. तिच्या एकटीच्या खोलीला न्हाई, साऱ्या खोल्यांना.

शेखर: गिऱ्हाईक आहे ती.

रेश्मा: एकदा बोलली ती. मी किती येळा बोलले? पाया खांदला तवा बोलले, सैपाकघराला खिडकी मोठी धरा. तुमी म्हणला व्हय. जोतं झालं तवा म्हणले, चिमणी पाहिजे. व्हय. स्लॅब पडला त्या दिवशी पन्नास माणसांचं जेवाण करून खोकत खोकत बोलले, तवापण व्हयच म्हणला. तुमच्या व्हयला पैसा पडत न्हाई म्हणून सारखा दिताय.

शेखर: आता नरहरीसमोर हे सगळं काढायची गरज आहे का?

रेश्मा: हाय. डॉक्टरनं सांगितलं तवा तुमी माझ्या शेजारीच बसला हुता. धुरात उभं ऱ्हाऊ नका म्हणला. मान हालवली तुमी. आन् घरी येऊन खिडकी बुजवली.

शेखर: अगं, देणारच आहे मी तुला किचन. पुढच्या वर्षी. भाडं सुरू झालं की पहिलं तुझं काम.

रेश्मा: भात इकला की करू म्हणला, त्ये झालं. मग जमिनीचे पैसे आले की करू म्हणला. जमिनीचे आले, त्यांची गाडी दारात आली.

शेखर: गाडी कामाला लागते.

रेश्मा: मी बी लागते.

नरहरी: दादा, मी असं करू का, जरा तंबाखू खाऊन येतो. तुमचं तोवर...

रेश्मा: तुमी कुटं जायाचं न्हाई. तुमी साक्षीदार हाय. मला सांगा, वरची तीन नंबरची खोली कुठली?

नरहरी: कोपऱ्यातली. डोंगराच्या अंगाला. दोन बाजूंनी खिडक्या हायेत, हवा आरपार खेळतीया. सगळ्यांत भारी खोली ती.

रेश्मा: गेली का कुणाला?

शेखर: कुठं गेलीय अजून. किमयाला आवडलीय, पण टोकन दिलं नाय तिनं.

रेश्मा: टोकन किती घेताय?

शेखर: पाच हजार. तुला कशाला?

रेश्मा: थांबा जरा. चष्मा न्हाई आणला. हां, झालं. बघा बरं, वाजला का तुमचा फोन?

शेखर: तू मला पाच हजार पाठवले?

रेश्मा: तीन नंबरची खोली मी घेतली. भाड्यानं.

शेखर: डोकं फिरलंय का तुझं?

रेश्मा: न्हाई. तुमीच तर आत्ता समजावून सांगितलं. जो भाडं दितो त्याला गिझर, त्याला चिमणी, त्याला जाळी. मला पटलं. महिन्याला नऊ हजार म्हणता ना, मी दिते. डब्यांचे हायेत माझ्याकडं. तुमच्या सहा खोल्या अजून हवेत हायेत, माझे चाळीस डबे कालपण गेले, आजपण गेले.

शेखर: हसतोस काय रे नरहरी?

नरहरी: न्हाई दादा. घशात धूळ गेली.

शेखर: अगं, लोक काय म्हणतील? शेखरची बायको शेखरच्याच घरात भाडेकरू. शेजारचा हैबतराव पारावर बसून अख्ख्या गावाला सांगेल.

रेश्मा: सांगू द्या. त्यांच्या बायकोला दम्याचा पंप लागलाय, त्याबी धुरातच उभ्या ऱ्हातात. हैबतरावांना म्हणावं, तुमच्याकडं खोली आसली तर तुमच्या बायकोला इचारा.

शेखर: आणि मी खोल्या नोकरीवाल्यांना, फॅमिलीला देतोय. धंद्याला नाय.

रेश्मा: मी फॅमिलीच हाय की. निदान कागदावर तरी हाय.

शेखर: वास येतो फोडणीचा. बाजूच्या खोलीतले लोक तक्रार करतील.

रेश्मा: बाजूच्या खोलीतले लोकच माझा डबा खाणार हायेत. आजवर जुन्या घरातल्या अंधारात धंदा चालला, तो चालला. आता वर उजेडात आला की वास येतोय व्हय?

शेखर: मग खालचं काय? खाली स्वयंपाक कोण करणार?

रेश्मा: डबा लावा. दोन टायमाचे चार हजार महिन्याला. घरच्या माणसाला सूट न्हाई.

शेखर: नरहरी, तू तरी सांग हिला काहीतरी.

नरहरी: दादा, मी फुटावर काम करणारा माणूस. पर खरं सांगू का, वहिनींनी ॲडव्हान्स दिलाय. किमया मॅडमनी न्हाई दिला.

शेखर: बरं. ठीक आहे. ऐक. नरहरी, खालची भिंत फोड. खिडकी परत काढ, चार फुटाची. चिमणी पण धर खाली. झालं समाधान? घे ते पैसे परत.

रेश्मा: नको.

शेखर: नको म्हणजे? अगं, देतोय ना आता सगळं.

रेश्मा: तेच की. दिताय. दिलेलं परत घ्यायला तुमाला एक फोन लागतो, काल दुपारी क्येला तसला. मी गाढ झोपल्यागत हुते इतकी वर्सं. वाटायचं, मागत ऱ्हावं, कवातरी मिळंल. आज हितं आले, कोरी भिंत बघितली आन् जाग आली. मला आता तुमच्या मर्जीवर चुलीपाशी उभं ऱ्हायाचं न्हाई. कागद करा.

शेखर: कसला कागद?

रेश्मा: अकरा महिन्यांचा करार. बाकीच्यांचा करताय तसला. पौडला तुमचा माणूस हाय ना, त्याच्याकडं जाऊ सोमवारी. अंगठा न्हाई, मी सही करणार हाय. खोलीला कुलूप माझं, चावी माझ्याकडं. भिंतीला खिळा मारायचा तर तुमी मला इचारायचं.

शेखर: आणि अकरा महिन्यांनी?

रेश्मा: पुन्हा करू. तुमी मालक म्हणून बरे वागला तर.

शेखर: एवढी कधीपासून बोलायला लागलीस?

रेश्मा: बोलत आधीपासनंच हुते. आज पैसे पाठवले म्हणून ऐकू आलं तुमाला.

नरहरी: दादा, मग मी काय लिवू? तीन नंबर आता बुक धरू का?

शेखर: मला काय विचारतोस. टोकन तर आलंय.

रेश्मा: लिवा, रेश्मा शेखर...

नरहरी: आडनाव ठावं हाय मला वहिनी. बरं, आता तुमी भाडेकरू, म्हणून इचारतो. वरच्या ओट्याची उंची मी सरसकट चौतीस इंच धरलीया. तयार ट्रॉल्या त्याच मापात मिळत्यात. तुमची उंची जरा बेताची हाय. कमी करायचा आसंल तर ट्रॉल्या मापानं बनवाव्या लागतील, त्या एक्स्ट्रा पडतील.

रेश्मा: ते माझ्याकडनं घ्या. ह्यांच्या यादीत नको.

नरहरी: मग या हितं भिंतीला. सरळ उभ्या ऱ्हावा. हात वाकवा, पोळी लाटताना वाकवता तसा. दादा, टेपचं खालचं टोक जमिनीला धरा जरा. दाबून धरा. हां. कोपराच्या खाली अर्धी वीत सोडली तर तीस इंच होतंय.

रेश्मा: तीस.

नरहरी: पर वहिनी, तुमच्या जुन्या घरातला ओटा मी बघितलाय. तो तर छत्तीसचा हाय. तितं तुमचा हात पुरतो कसा?

रेश्मा: पाट घेते की पायाखाली.

शेखर: कसला पाट?

रेश्मा: जेवायचा लाकडी पाट. त्याच्यावर उभी ऱ्हाते.

शेखर: कधीपासून?

रेश्मा: लगीन होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं.

शेखर: मी कधी बघितलं नाय.

रेश्मा: तीस लिवा, नरहरीभाऊ.