वायरलेसवाल्यांचं जुनं मंडळ

दुसरं महायुद्ध संपल्याच्या पुढच्या वर्षी गोंदियाच्या स्टेशनात मी पुस्तक उघडून बसलो होतो, पण कान शेजारच्या बाकाकडे होते. तिथले दोघे हौसेखातर वायरलेस चालवणारे आहेत, एवढं बोलण्यावरून मला कळलं. धाकटा थोरल्याला काकाजी म्हणत होता.

"काकाजी, राग नका करू. आम्ही पोट्टे नवीन मंडळ काढून राहिलो."

"आपलं आहे ना, चुन्नीलाल! मी अध्यक्ष आहो ना!"

"आहे. पण लढाईत सरकारनं यंत्रं जमा केली, तवापासून आपण दर इतवारी चहा पिऊन घरी जातो. आता परवाने पुन्हा भेटून राहिले. नव्या पोरांले यंत्र बांधणं आपल्या बोलीत शिकवू म्हणतो."

"मंग तुम्ही पोट्टे इतके वर्षं येत काऊन होते?"

"तुमाले वाईट वाटंल म्हणून."

"अरे बापा! अन् मी तुमाले वाईट वाटंल म्हणून सभा भरवत होतो! घरी बायको सुमित्रा रोज म्हणे, बिनायंत्राची सभा कायले पाहिजे?"

"मंग बोलले काऊन नाही?"

"तू बोलला का?"

"जाऊ द्या, काकाजी. नव्या मंडळाचे अध्यक्ष तुम्हीच."

"खबरदार! आताच तर सुटलो. मले पोट्ट्यांत खाली बसव. तारेची कडकट्ट, ते मोर्स, येते मले, पण आवाज पाठवायचं यंत्र कधी बांधलं नाही."

"शिकवतो ना. चला, गाडी आली."

"येऊ दे. पहिले सांग, त्याले काचेचे वॉल्व्ह किती लागते?"