राजाच्या झग्याचं कापड

गोरेगावला स्टुडिओबाहेरच्या बसस्टॉपवर माझ्यापुढे नवरा-बायको उभे होते.

"शेवंते, बायबलच्या पिक्चरमध्ये मला विणकर केलं गं!"

"संपात गिरणी गेल्यापासून आज पहिल्यांदा हसताय तुम्ही. माग कसला होता?"

"जुन्या काळचा, उभा. सूत ताणायला खाली मातीचे गोळे बांधलेले. ना मोटार, ना पट्टा. सकाळभर माझे धागे तुटत होते."

"मग?"

"मग हात बसला. वीतभर कापड विणलं, जांभळं, राजाच्या झग्याचं!"

"झकास! तोंड दिसणार ना पडद्यावर?"

"नाही गं, पाठमोरा उभा केलाय."

"असू दे. अख्खी चाळ घेऊन जाईन बघायला."

"पाठीवरून ओळखशील?"

"इतकी वर्षं पाळीला निघालात की दारातून काय बघत होते मी?"