अल्बममधला केटरर

हसू नका, पण माझं एक स्थळ फोटोखाली लिहिलेल्या एका शब्दानं घालवलं. आमच्या हैदराबादच्या मराठी नातेवाइकांचा फोनवर एक सामाईक अल्बम आहे. लग्नांचे फोटो टाकायचे आणि कोण काय करतं ते ज्याला वाटेल त्यानं खाली लिहायचं. मला लोकांशी बोलायचा संकोच वाटतो, म्हणून प्रत्येक लग्नात मी वाढायला घेतो. कुणीतरी माझ्या फोटोखाली ‘केटरर’ लिहिलं. मग सगळे तेच लिहीत गेले. खरं तर मी चिक्कडपल्लीत पंखे दुरुस्त करतो.

आई म्हणाली, “अरे, खोडून टाक की.”

“नक्को आई, इतक्या जणांनी लिहिलंय. त्यांना वाईट वाटेल.”

त्यातच सिकंदराबादचं स्थळ आलं. मुलगी मला मनापासून आवडली. तिच्या वडिलांनी अल्बम पाहून फोन केला.

“तुम्ही पंखे म्हणालात, इथं सगळे केटरर म्हणतात. एवढी माणसं खोटं लिहितील का?”

“काका, मी फक्त वाढतो.”

स्थळ मोडलं. महिन्याभरानं त्यांचाच पुन्हा फोन आला.

“तिचं दुसरीकडं जमलं. जेवण मात्र तुमच्याकडंच, बरं का.”

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. मी विचारलं, “किती पानं धरू?”