आत्याचा पाळणा आणि विष्णूचा पेचकस

…आणि वर मलाच म्हणतो, "भिया, आप बाहर बैठो, आपको देख के मेरे हाथ काँप रिये हैं!" आता सांगा, घर माझं, कॉम्प्युटर माझा, आणि बाहेर मी बसू? मी भित्रा नाही, तुम्हाला सांगतो, पण कॅबिनेट उघडं, आतलं सगळं टेबलावर पसरलेलं, आणि हा विष्णू मेकॅनिक, जो गेल्या वर्षापर्यंत इथे उज्जैनच्या फ्रीगंजात टीव्ही दुरुस्त करायचा, तो दातात पेचकस, म्हणजे आपला स्क्रूड्रायव्हर, धरून मला विचारतोय, "ये वाला तार कहाँ लगा था?" अहो, मला काय माहीत? मी बँकेत पासबुकं भरतो!

कॉम्प्युटर तरी कसला? बंद पडलेल्या टायपिंग क्लासचा, सेकंडहँड. घेतला कुणासाठी, तर आमच्या अनसूया आत्यासाठी. आत्या ब्याऐंशीची. माझ्या आजीने रचलेला सोळा कडव्यांचा पाळणा आहे, तो या पृथ्वीतलावर फक्त आत्याला येतो. कुठे लिहिलेला नाही. आणि आत्या हल्ली विसरते हो… घेतलेला चहा विसरते, कधी मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारते. म्हटलं, रेकॉर्ड करून ठेवू. टेपरेकॉर्डरने पहिली कॅसेटच गिळली! मग हा आणला, तर हा पाचव्या कडव्याला गपकन थांबायचा! एकदा नाही, तीनदा! तिसऱ्यांदा आत्या म्हणाली, "शिरू, याला माझं गाणं पचत नाही रे."

म्हणून विष्णू. "मदरबोर्ड बदलो, रॅम बढ़ाओ, फिर सोला क्या, सौ कडवे गवा लो, टेंशन नी लेने का!" टेंशन नी लेने का! सगळं जोडून झाल्यावर दोन स्क्रू उरले! म्हटलं, हे? तर म्हणे, "कंपनी एक्स्ट्रा देती है." मी भित्रा नाही, पण माझी बायको उषा रबरी चपला घालून पाटावर उभी, हातात लाकडी लाटणं… मला शॉक बसला तर ढकलायला म्हणे! आणि आतून आत्या विचारतेय, "शिरू, त्यातून माझी पाच कडवी सांडणार नाहीत ना रे?"

बटण दाबलं… टक्. काही नाही. पुन्हा… टक्. विष्णू म्हणाला, "अब भगवान का नाम लो." मेकॅनिकने बोलायचं वाक्य आहे का हे?

तिसऱ्या खेपेला पडदा उजळला, आणि त्यासोबत सुरू झालं… घूंऽऽऽ! म्हटलं, हे काय? "नया पंखा है भिया. बंद किया तो मशीन जल जायेगी." मी माइकवर हॅलो हॅलो केलं, ऐकलं, तर हॅलो कमी आणि घूंऽऽऽ जास्त! मी भित्रा नाही, पण हात थेट प्लगकडे गेला हो माझा. आज आत्याला गाता येतंय, उद्याचं कोणी सांगावं? म्हटलं, बंद करा, परत करा, जुनाच पंखा बरा होता…

"थांब!" आत्या दारात उभी, डोळे मिटलेले. "पेटीची काळी तीन आहे. पक्का सूर. बंद करू नकोस."

आणि बसली, आणि लावला की हो तिने त्या पंख्याला सूर! अकराव्या कडव्याला थांबली… पंखा आपला घूंऽऽऽ… आणि तिला पुढचं सापडलं! सोळाच्या सोळा! मशीनही थांबलं नाही. मी रडलो, सांगायला लाज कसली?

पण संपतंय का? आमच्या गणपती मंडळाच्या सेक्रेटरींनी, सुहासरावांनी, ते घरी येऊन ऐकलं. "वा! तंबोऱ्यावर कोण? काय स्थिर हात!" आत्या म्हणाली, "फ्रीगंजचा विष्णू." झालं! "गणपतीत आत्यांचं गाणं ठेवतो, विष्णूलाही आणा." मी खरं सांगणार, तर आत्या म्हणाली, "त्या घूंशिवाय मी गाणार नाही हं."

तेव्हा आता चतुर्थीला मी रिक्षात बसणार, मांडीवर कॅबिनेट, त्यात आजीचा अख्खा पाळणा, खाली दोन स्क्रू कमी… आणि उज्जैनचे रस्ते तर तुम्हाला माहीतच आहेत!